खुंटीखालचं लोखंड

प्रकाश, तुला एका सणसणीत शिवीनं हाक मारणार होतो. इतकी वर्षं आपल्यात तोच रामराम होता. पण हे लिहितोय शेडवरच्या मापांच्या वहीत, आणि वहीच्या पहिल्या पानावर तुझ्याच हातचा 'श्री' आहे. त्याच्या मागच्या पानावर शिवी लिहायला मन धजेना. ती तू आपली समजून घे.

आधी राग कशाचा ते सांगतो. एवढा आरडाओरडा करणारा माणूस तू. करवत बोथट झाली तर करवतीच्या सात पिढ्या काढायचास. असा माणूस गेला कसा, तर दुपारी डबा खाऊन, चटईवर कूस बदलून, गपचूप. मी तिथंच सहा फुटांवर एका चौकटीला रंधा मारत होतो. चारला चहा आला तेव्हा मी तुला पायानं ढोसलं, रोजच्यासारखं, "ऊठ रे म्हशी" म्हणत. तू उठला नाहीस म्हणून आणखी एक जोरात घातली. मेलेल्या माणसाला मी लाथ मारली, हे आता मरेपर्यंत माझ्याबरोबर राहणार. जाता जाताही मला खाली मान घालायला लावलीस.

तेराव्याला लोक तुझ्याबद्दल बोलले. कोणी मनमिळाऊ म्हणालं, कोणी शांत म्हणालं. मी मागे खांबाला टेकून ऐकत होतो. तुझ्या शांतपणाचा पहिला अनुभव मला अंबरनाथला आला होता, आपल्या सासऱ्यांच्या घरी, तू सुनंदाला बघायला आलास त्या दिवशी. मी थोरल्या मुलीचा नवरा, म्हणजे त्या घरातला आधीचा जावई, आणि धंद्यानं सुतार. बाहेरच्या खोलीतला सागवानी दिवाण मीच करून दिला होता. सासरे तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. तुलाही दाखवला. तू पोह्यांची बशी खाली ठेवलीस, वाकून दिवाणाखाली पाहिलंस आणि म्हणालास, "हा जोड नाही, ही थुंकी लावलीय." आणि सगळ्यांसमोर दिवाणाच्या पायाला लाथ घातलीस. पाय निखळला. मी तुझी कॉलर धरली, तू माझे केस धरलेस, बशी फुटली, सासरे मध्ये पडले तर त्यांच्या चष्म्याची काडी गेली. सुनंदा दाराआडून बघत होती. आत जाऊन ती माझ्या बायकोला, मंदाला म्हणाली, "ताई, ह्यालाच करीन. हा खोटं चालवून घेणार नाही." मंदानं हे मला तुमच्या लग्नानंतर सांगितलं आणि मी दोन दिवस धड जेवलो नाही.

असे आपण साडू झालो. नात्यानं मी थोरला आणि वयानं तू दोन वर्षांनी मोठा. कुणी कुणाला अहो म्हणायचं, हे भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही, म्हणून दोघंही अरे-तुरेवर राहिलो.

मी तेव्हा उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका फर्निचरवाल्याकडे होतो, तू दोन गल्ल्या सोडून दुसऱ्याकडे. मी पटाशी-रंध्याचा माणूस. तू गनवाला. कॉम्प्रेसरला नळी, नळीला नेलगन, आणि दिवसभर ठाक ठाक, सोफ्यांचे सांगाडे. तिथल्या सगळ्या गनांचं नाक तारेनं मागे बांधलेलं असायचं. ते नाक लाकडावर सरळ दाबल्याशिवाय खिळा सुटू नये म्हणून दिलेलं असतं. पण दाबायला वेळ जातो, म्हणून नवी गन आली की पहिलं काम तार बांधायचं. मग घोडा ओढला की खिळा सुटला, गन सरळ धरा नाहीतर तिरकी धरा. तुझ्याही गनला तार होती. मी म्हणायचो, ती काढ. तू म्हणायचास, "तू आधी तुझ्या पटाशीला टोपडं घाल."

हेंद्रेपाड्याच्या पुढे आमच्या वाटणीची थोडी जागा होती, भात लावणं बंद झाल्यावर नुसतं गवत माजलेली. तिथं दोघांनी मिळून शेड टाकायचं ठरलं. लोखंडी अँगल आणि पत्र्याची आठवड्यात उभी राहिली असती. पण कुळगावातली जुनी भातगिरणी तेव्हाच पाडायला काढली होती, आणि तिचं लाकूड मी शाळेत असल्यापासून बघत होतो. ऐनाचे खांब, सागाच्या तुळया. मी म्हणालो, सुताराची शेड लाकडाचीच हवी. यावर तू भांडला नाहीस. आजही त्याचं नवल वाटतं.

ती गिरणी आपण पाडली नाही, तिच्याशी मारामारी केली. चार दिवस. तू पहार घेऊन भिंतीवर चढायचास आणि तुळईच्या खालची वीट अशी उपटायचास की जणू तिनं तुझं काही खाल्लंय. तिसऱ्या दिवशी मधली तुळई दोर तोडून फिरली आणि उभी भिंत घेऊन गेली. मी ज्या जागेवर उभा होतो तिथं विटांचा ढीग झाला, मी त्याच्या कडेला पालथा. तू ढिगावरून चालत आलास, कपाळातलं रक्त डोळ्यात उतरलेलं, आणि दात काढून हसत होतास. मी जिवंत आहे का ते बघायला माझ्या कानाखाली एक वाजवलीस. मी परत वाजवली. मग दोघं विटांवर बसून पाणी प्यायलो. तुझ्याबरोबरचे सुखाचे दिवस कोणते असं मला कोणी विचारलं, तर मी हे चार सांगेन.

लाकूड चिरायला कॅम्प चारच्या वखारीत नेलं. वखारीचा म्हातारा सिंधी सेठ ऐनाच्या खांबावर हात फिरवत म्हणाला, "साईं, लकडी बूढी है, पर पेट में दांत हैं. एक भी कील रह गयी तो मेरी आरी जाएगी, और तुम्हारा हाथ." तू हसलास. मी हसलो नाही, कारण खिळे काढायचं काम माझ्याकडे आलं होतं.

ते खिळे तू विसरणार नाहीस. जुन्या लोहारानं घडवलेले, चौकोनी, बोटाएवढे, ऐनात रुतून काळे पडलेले. लाकूड त्यांच्याभोवती इतकं आवळलेलं की एकेक काढताना खांद्याचे सांधे बोलायचे. तुला धीर नाही म्हणून ते माझं काम. मी एक नियम केला. खिळा निघाला की भोकात बांबूची खुंटी ठोकायची आणि वरून सपाट कापायची. पिवळट खुंटी दिसली की समजायचं, इथलं लोखंड गेलं.

नियम माझा, पण त्याचा फायदा तू शोधून काढलास. ऐनात गनचा खिळा जायचाच नाही. हवा कितीही वाढव, निम्मा बाहेर राहायचा नाहीतर मान टाकायचा. मी म्हणायचो, आधी ड्रिल मार. तुला ते कमीपणाचं वाटायचं. मग तू फळी अशी सरकवून बसवायला लागलास की तिच्यामागे नेमकी एखादी खुंटी यावी. बांबू मऊ, खाली जुनं भोक, खिळा सरळ आत. मी म्हणालो, खुंटी जरा जपून बघत जा. तू म्हणालास, "खुंटी तू ठोकलीस ना? मग मी डोळे मिटून मारतो." माझ्याबद्दल तू चांगलं बोललास असं हे एकच वाक्य, आणि मी तेव्हा त्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही.

शेड उभी राहायला पाच महिने लागले. त्यातले निम्मे भांडणात गेले. तू एकदा हातोडा फेकून मारलास, तो माझ्या कानाजवळून जाऊन शेजारच्या केळीत रुतला. मी रागानं तुझी हवेची नळी कापली, ती साप तडफडावा तशी उडाली आणि तिचा फटका तुझ्या मांडीवर बसला. आठवडाभर तू लंगडत होतास. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. कोणीतरी पोलिसांना फोनही केला. हवालदार आले तेव्हा आपण दोघं आढ्याच्या तुळईला खांदा देऊन फसलो होतो, खाली ठेवता येईना आणि वर जाईना. तू म्हणालास, "साहेब, तक्रार नंतर, आधी जरा हात लावा." त्यांनी टोपी काढून ठेवली आणि लावला.

आणि मग तो दिवस. छप्पर झालं होतं, भिंतीच्या फळ्या मारायच्या होत्या. रस्त्याकडच्या खांबावर मी फळी धरली होती. उजवा हात फळीवर, डावा खांबाच्या बाजूला, तळवा लाकडाला टेकलेला. तू समोरून गन लावलीस. भांडण चाललं होतं बाहेरच्या पाटीवर कुणाचं नाव आधी लिहायचं यावर. मी म्हणालो, नात्यानं मी थोरला. तू म्हणालास, "नात्यानं थोरला आणि कामानं बारका." मी तुझ्या आईवरून बोललो. तुझी आई सहा महिन्यांपूर्वी गेली होती आणि मला ते ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच बोललो. तू माझ्याकडे पाहिलंस. मग ठाक.

खिळा खांबाच्या पोटात वळला, बाजूनं बाहेर आला आणि माझ्या तळव्यातून वर निघाला. हात खांबाला शिवला गेला. आधी दुखलंच नाही. मी बोटं हलवून पाहिली, त्यातली दोन हलली नाहीत. तू गन टाकलीस, माझं मनगट दोन्ही हातांनी धरलंस आणि एका हिसक्यात हात त्या खिळ्यावरून उपसून काढलास. तेव्हा झालेला आवाज मला अजून ऐकू येतो. नंतर तू हातोडा उचललास आणि खिळ्याच्या त्या टोकावर वेड्यासारखा तुटून पडलास, ते वाकून लाकडात बसेपर्यंत. माझं रक्त तुझ्या तोंडावर उडत होतं. रिक्षात मी एकच विचारत होतो, "तिरकी का धरलीस? मुद्दाम धरलीस ना?" तू टॉवेलनं माझा हात आवळून बसला होतास. म्हणालास, "सुटली." एवढंच. त्यानंतर आठ वर्षं मी तोच प्रश्न शंभर तऱ्हांनी विचारला आणि तू तेवढंच म्हणालास.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कायमचं आखडलं. सुताराचा डावा हात म्हणजे काय ते तुला सांगायला नको. टाके निघाले त्याच दिवशी मी शेडवर आलो. तू वाकून फळी रंधत होतास. मी कोपऱ्यातला एक सागाचा दांडका उचलला आणि तू मान वर केलीस तेव्हा सरळ तोंडावर हाणला. पुढचे दोन दात गेले. तू खाली बसलास, थुंकलास, भुशातून दात शोधून खिशात टाकलेस. मी दांडका घेऊन उभाच. तू उठून मला मारशील याची वाट बघत होतो. तोवर माझा एकही फटका तू फुकट जाऊ दिला नव्हतास. तू उठलास, नळावर चूळ भरलीस आणि म्हणालास, "ती फळी धर. उजव्या हातानं धर." मी तिथल्या तिथं निकाल लावला. गुन्हेगार आहे, म्हणून हात उचलत नाही.

मग मी ते सगळ्यांना सांगितलं. बारशाला, साखरपुड्याला, हळदीला, जिथं चार माणसं जमतील तिथं. "हे आमचे साडू. यांनी मला जिवंत ठोकलाय." लोक हसायचे, मीही हसायचो, आणि तू खाली बघत बाजूच्या दातांनी जिलबी खायचास. मंदानं माझ्या बाजूनं सुनंदाशी बोलणं सोडलं. दोन सख्ख्या बहिणी, पाठीला पाठ लावून आलेल्या, इतकी वर्षं फक्त सणाला भेटल्या आणि तेव्हाही भाजीत मीठ किती यापलीकडे बोलल्या नाहीत. ते मी केलं. आता मंदा गेले चार दिवस सुनंदाकडेच राहतेय आणि माझा फोन उचलत नाही. पुढे जे लिहितोय ते मी तिला सांगितलं, तेव्हापासून.

आणि तरी रोज सकाळी मी शेडवर यायचो. रागानं यायचो. तुझ्याहून चांगली चौकट करून तुझ्या नाकासमोर उभी करायची म्हणून यायचो. मी लाकडाला हात घालायच्या आत त्याचं दुसरं टोक तू धरलेलं असायचं. "आटप लवकर, माझे हात काय भाड्यानं आणलेत का?" असं खेकसत धरायचास, म्हणून मला ते कधी उपकारासारखं वाटलं नाही. पण बघायला गेलं तर आठ वर्षं माझा डावा हात तूच होतास. एकदा बदलापुरातला एक कंत्राटदार माल उशिरा झाला म्हणून तोंड सोडून बोलला आणि मला लुळा म्हणाला. तू त्याची मानगूट धरलीस, त्याला भुशाच्या ढिगापर्यंत फरफटत नेलंस आणि त्याचं तोंड भुशात दाबून धरलंस. तो पाय झाडायला लागल्यावर मीच तुला ओढला. तो गेल्यावर मला म्हणालास, "तुला लुळा म्हणायचं ते मी." मी आभार मानले नाहीत. मनात म्हणालो, करणारा तूच, मग एवढं तर करशीलच.

गन तू पुन्हा हातात घेतली नाहीस. भिंतीला टांगलीस ती टांगलीस, ऐनात ड्रिल मारून हातानं खिळे ठोकायला लागलास. त्याचाही मी माझ्या सोयीचा अर्थ लावला. पाटी तर लागलीच नाही. आपल्या शेडला अजून नाव नाही. गिऱ्हाइकं 'ती भांडणाऱ्यांची शेड कुठं' असं विचारत येतात.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेड उघडली. आत कुणीच नव्हतं ज्याला शिवी घालावी. चटई तशीच पसरलेली होती. मी ती गुंडाळली आणि समोर तो खांब दिसला, बाजूला लाकडात वाकून बसलेलं खिळ्याचं टोक. आणि माझं डोकं फिरलं. उत्तर न देता गेलास. मी वाकस उचलला आणि खांबावर घाव घालत सुटलो. ऐन ते, पाच-सहा घावांत वाकसाची धार मोडली आणि झिणझिण्या खांद्यापर्यंत आल्या. मग पहार घेतली. फळी उचकटली, ती निघताना उभी चिरली, तिचे दोन तुकडे करून बाहेर फेकले. मी तुला घालून पाडून ओरडत होतो आणि बहुतेक रडतही होतो. शेजारचा माणूस कुंपणापर्यंत आला आणि मला बघून परत गेला. मला तो खिळा हवा होता. तो तिरका गेलेला डोळ्यांनी बघायचा होता, म्हणजे तू मेल्यावर तरी गुन्हा शाबीत झाला असता.

फळीखाली खांबाला ठिगळ होतं. बोटभर लांबीचं, भुसा गोंदात कालवून भरलेलं, वरून कानशीनं सारखं केलेलं. ते माझं काम नव्हतं. आणि त्या खांबाला हात लावणारे जगात आपण दोघंच. पटाशीनं ठिगळ काढलं, आजूबाजूचं लाकूड तासलं. आत तुझा खिळा. सरळ होता, प्रकाश. पहिला इंचभर अगदी काटकोनात, बांबूच्या खुंटीच्या बरोबर मधून गेलेला. आणि खुंटीच्या खाली चौकोनी, काळं, डोकं तुटलेलं लोखंड. त्याच्यावर आपटून तो वळला होता.

खुंटी मी ठोकलेली.

मग सगळं समोर आलं. ते मी लपवून ठेवलं होतं असं नाही, लपवण्याइतकं ते मला मोठंच वाटलं नव्हतं. खांब साफ करायचे शेवटचे दिवस होते. तू दारातून ओरडला होतास, "खिळेच काढत बस तू, छप्पर आपली नातवंडं घालतील." मला ते झोंबलं. पुढचा खिळा मी तिरमिरीत ओढला, त्याचं डोकं तुटून पकडीत आलं आणि धड आत राहिलं. ते कोरून काढायला तास गेला असता. मी वरून खुंटी ठोकली, कापली, आणि पुढचा खिळा धरला. मी हळू नाही, एवढंच तुला दाखवायचं होतं. आणि तू माझ्या शब्दावर डोळे मिटून मारलंस.

मी भुशात बसलो. पहिल्यांदा तुझे दोन दात आठवले. चूळ भरताना नळाखाली लाल झालेलं पाणी आठवलं. मग कळलं की ठिगळ तुझं आहे, म्हणजे तू हे पाहिलं होतंस, आणि पाहून बुजवलं होतंस. आता खोटं कशाला बोलू, पश्चात्तापाच्या आधी मला संताप आला. तू समोर असतास तर तुझे उरलेले दातही पाडले असते. माझी चूक पोटात घालून बसायला तुला कुणी सांगितलं होतं? आठ वर्षं मी भलत्याच गोष्टीवर जळत राहिलो आणि तू बाजूला उभा राहून माझी फळी धरलीस.

तसाच तुझ्या घरी गेलो. अंगभर भुसा, मुठीत तो वाकडा खिळा. सुनंदा ओट्याशी तांदूळ निवडत होती. मी मूठ उघडली. तिनं खिळ्याकडे पाहिलं आणि ताट बाजूला सरकवलं.

"काढलात शेवटी," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"बसा आधी, भाऊजी."

मी बसलो नाही. ती ओट्याला टेकून बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. "तुम्हाला हॉस्पिटलमध्ये सोडून आले ना, त्या संध्याकाळी. शर्ट सगळा रक्ताचा. बदलला पण नाही, तसेच परत शेडवर निघाले. म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, बघून येतो, माझा हात फिरला का. त्यांची त्यांनाच खात्री नव्हती हो. तुम्ही आईंवरून बोललात तेव्हा मनात आलेलं म्हणे, ह्याला आता फोडतो. म्हणून स्वतःवरच संशय."

"मग?"

"मग आले आणि इथं उंबऱ्यावर बसून रडले. लहान पोरासारखे. म्हणाले, सुटलो, सुनंदा, मी नाही मारलं त्याला. मी म्हटलं, मग उद्या सकाळीच सांगून टाका त्यांना. तर म्हणाले, 'हात गेलाय त्याचा, आता नाक कशाला कापू?'"

मी तिथंच फरशीवर बसलो. "आणि मी दात पाडले तेव्हा?"

"तेव्हा मी निघालेच होते तुमच्या घरी. चपला घातलेल्या. म्हटलं, दोघा नवराबायकोला उभ्या उभ्या सांगून येते. ह्यांनी दार अडवलं. तोंड सुजलेलं, धड बोलता येत नव्हतं. ताई माझ्याशी बोलायची बंद झाली, तेव्हा पण भांडले मी. म्हटलं, तुमच्या दोघांच्यात माझी बहीण चाललीय. मला राग नाही असं समजू नका, भाऊजी. तुमचा पण आहे आणि त्यांचा पण आहे."

"काय म्हणायचा तो?"

"दर वेळी एकच. 'कळलं तर तो उद्यापासून शेडवर यायचा नाही. तोंड नाही दाखवायचा मला. शिव्या देऊ दे, पण येऊ दे.'"

ताटातला एक खडा उचलून तिनं बाजूला टाकला. मग पहिल्यांदा तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं आणि विचारलं, "आला असतात का हो, भाऊजी? तेव्हाच कळलं असतं तर?"

"आलो असतो," मी म्हणालो. "न यायला काय झालं?"

तिनं मान हलवली आणि माझ्यासाठी पाणी आणायला उठली. तिच्याशी खोटं बोललो, प्रकाश. मी नसतो आलो.